कशाचा सफेदा?

शर्टाची वरची गुंडी लागेना. आधी वाटलं, इंदूने नवी गुंडी लावलीय ती काजापेक्षा मोठी असेल. मग हाताकडे पाहिलं. उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता. बोटं हलत होती, वस्तू धरत होती, पण पंजा वर उचलला जात नव्हता. खिडकीच्या फळीवर हात पालथा ठेवला आणि मनातल्या मनात त्याला म्हणालो, ऊठ. तो उठेना.

"हातावर झोपलो असेन," मी बायकोला सांगितलं.

इंदूने गुंडी लावून दिली. मी जिना उतरेपर्यंत ती दारात उभी होती, हे मला न बघता कळलं.

मी तेव्हा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, एकेक करून उचलायची आणि ओळ जुळवायची. सगळा खेळ उजव्या हाताचा. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या हातून ओळी सांडत राहिल्या. शेवटी फोरमनने मला प्रुफं वाचायला बसवलं आणि संध्याकाळी म्हणाला, "दत्ताराम, घरी जा आणि हात दाखव कुणालातरी."

हे मी लिहितोय ते मुख्यतः नाटकात काम करणाऱ्या मुलामुलींसाठी. पण तोंडाला रोज काही ना काही लावत नाही असा माणूस आता विरळाच, तेव्हा इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. आजारात काय काय होतं त्यापेक्षा तो कुठून आला हे मला सांगायचं आहे. कारण तो मी स्वतःच्या हौसेने, आरशात बघून, गालावर चोळून घेतला होता.

*

हाताच्या आधी पोट दुखत होतं. साधं दुखणं नव्हे. कुणी तरी आतडी पिळून वाळत घालतंय अशी कळ यायची. मी छापखान्यातल्या कागदाच्या गठ्ठ्यावर पालथा पडून राहायचो. पोट दाबलं की जरा बरं वाटायचं. आमच्या लालबागच्या चाळीखालच्या डॉक्टरांनी आधी एरंडेल दिलं, मग अल्सर म्हणून दूध-भात सांगितला. भूक मेली होती. तोंडाला सारखी पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या ताकासारखी चव. रंग उतरला होता, पण ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी माझ्या तोंडावर दुसराच रंग असायचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गिरणगावात सभा नाही अशी संध्याकाळ नव्हती, आणि सभेआधी लोक जमवायला कलापथक लागायचंच. आमचं पथक लहान होतं. घोडपदेवपासून वरळीच्या चाळींपर्यंत कुठेही बोलवा, ट्रंका उचलून जायचो. आमच्या लोकनाट्यात मुंबई ही एक बाई होती, आणि तिला आपल्या घरी न्यायला चौघे भांडत यायचे. ती बाई मी करायचो. नऊवारी, नथ, आंबाडा. मी शिट्ट्यांवर चालायचो, शिट्ट्यांवर थांबायचो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पोट दुखायला लागलं तेव्हा माझ्या सासुरवाडीहून निरोप आला की पुरुषाने बाईचं सोंग घेतलं की असंच व्हायचं, आधी ते सोडा. इंदूने तो निरोप मला सांगितलाच नाही. मला तो शेजारणीकडून कळला. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"तुमच्या अंगात उभं राहायचं त्राण नाही आणि संध्याकाळ झाली की तुम्ही नथ शोधता!"

"मग काय घरी बसून कण्हत राहू?"

"कण्हा. निदान माझ्यासमोर कण्हा."

आणि मग ती गुंडीची सकाळ आली.

*

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघं गेलो. बाकावर बसून बसून इंदूने पदराच्या टोकाची पार वळकटी केली. आत एक डॉक्टरबाई होत्या, इंदूपेक्षा थोड्या मोठ्या असतील. भोवती शिकणारी मुलं. बाईंनी पोट दाबलं, हात उचलायला सांगितला. मग एकदम माझा खालचा ओठ अंगठ्याने ओढला आणि मुलांना जवळ बोलावलं.

"हिरड्यांच्या कडेला बघा. निळसर रेघ दिसतेय?"

सगळी मुलं वाकून माझ्या तोंडात बघू लागली. मी छताकडे बघत होतो. निळी रेघ! आरशासमोर इतके तास काढले, पण ती मला कधी दिसली नव्हती.

"काय काम करता?"

"कंपोझिटर."

"मग शिसं," बाई म्हणाल्या. "शिशाची विषबाधा आहे. पोट आणि हात, दोन्ही त्यानेच. औषध आहे, घाबरू नका. पण छापखाना सोडावा लागेल."

घाबरू नका म्हणाल्या त्याच क्षणी मी घाबरलो. मला दुसरं काही येत नव्हतं. मी बघितलं तर इंदू पुढे सरकली होती. एरवी ती डॉक्टरांसमोर तोंड उघडायची नाही.

"बाई, एक विचारू? ह्यांच्या छापखान्यात ह्यांच्या दुप्पट वयाची माणसं आहेत. सगळा जन्म खिळ्यांत गेलाय त्यांचा. त्यांना कसं काही नाही?"

डॉक्टरबाई थांबल्या. मला त्यांचं हे फार आवडलं, की त्या थांबल्या. खुर्ची ओढून बसल्या.

"बरोबर आहे. इतकं लवकर, इतकं जोरात व्हायला नको. आणखी काय करता तुम्ही? घर रंगवलंत? बॅटरीचं काही काम?"

इंदूने माझ्याकडे पाहिलं.

"नाटकात काम करतो," मी म्हणालो. "बाईचं."

मागे एक मुलगा फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"तोंडाला काय लावता?"

"रंग."

"कसला?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. मला माहीत नव्हतं. आमच्या पथकातले भिकूमामा लावायचे, मी डोळे मिटून बसायचो. हिंग कुठला चांगला, चहा कुठल्या दुकानातला, याची चौकशी करणारा माणूस मी, आणि स्वतःच्या तोंडाला काय चोळतो ते मला ठाऊक नव्हतं.

"जे जे लावता ते सगळं आणा," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आजपासून इथे राहा."

*

वॉर्डातला दिवस पहाटे चहाच्या किटलीच्या आवाजाने सुरू व्हायचा. मग बेडपॅन, थर्मामीटर, चादरी, मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी सगळे पेशंट शहाण्या मुलांसारखे सरळ पडून राहायचे. मला शिरेतून औषध चालू झालं. बाटलीतून थेंब पडायचा तो बघत राहायचं. त्या थेंबाने अंगातलं शिसं धरून लघवीवाटे बाहेर न्यायचं, एवढं मला कळलं होतं, आणि एवढं पुरेसं होतं.

भीती दुपारी यायची, भेटीची वेळ संपल्यावर. पोटातली कळ कमी झाली होती, त्यामुळे विचार करायला जागा झाली होती. हात असाच राहिला तर? डाव्या हाताने जेवायला मला लाज वाटायची, म्हणून मी अर्धं ताट परत पाठवायचो. शेजारच्या खाटेवर लाठीमारात पाय मोडलेला एक गिरणी कामगार होता. त्याने हे पाहिलं असणार. एका दुपारी त्यानेही आपलं जेवण डाव्या हाताने सुरू केलं. दोघांच्याही अंगावर डाळ सांडली. वॉर्डबॉय ओरडला. आम्ही हसलो. त्यानंतर मी ताट परत पाठवलं नाही.

इंदू रंगाची पेटी घेऊन आली ती भिकूमामांशी भांडूनच. भिकूमामा म्हणजे आमच्या पथकाचे रंगवाले. मूळचे मालवणकडचे, बाप दशावतारात स्त्रीपार्टी, रंगाची विद्या बापाकडूनच आलेली. पथकात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. ते म्हणाले होते, पेटी देणार नाही. इंदूने ती सरळ काखोटीला मारली.

डॉक्टरबाईंनी स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक पुडी उघडली. पिवळसर दगडाचा तुकडा होता, त्याला मुरदाडशिंग म्हणतात. तो सहाणेवर उगाळून लावला की कातडीला सोन्यासारखी झळाळी येते. पांढरी भुकटी होती, तो सफेदा. गालांसाठी आणि ओठांसाठी शेंदूर. शिवाय काजळ, गेरू, आणि शंखजिऱ्याची मऊ पूड. बाईंनी सगळ्याचे नमुने घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले.

निकाल आला तेव्हा त्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तीन पुड्या वेगळ्या ठेवल्या.

"मुरदाडशिंग, सफेदा, शेंदूर. हे तिन्ही शिसं."

"तिन्ही?" मी म्हणालो. "एक पिवळं, एक पांढरं, एक तांबडं!"

"रंगावर जाऊ नका. शिसं वेगवेगळं भाजलं, वेगवेगळ्या गोष्टींशी मिसळलं की रंग बदलतो. धातू तोच."

आणि दिवसभर मी ज्याच्या ओळी जुळवायचो तोही तोच. सकाळी हाताला, संध्याकाळी तोंडाला. बाईंनी समजावलं की कातडीतून ते फारसं आत जात नाही, जातं ते तोंडावाटे. रंग लावून तुम्ही चहा पिता? पितो. भजी खाता? प्रयोगाआधी भजी असतातच. ओठांवर जीभ फिरवता? बाई म्हणून लाजायचं तर ओठ चावावेच लागायचे. म्हणजे मी इतके दिवस स्वतःचा चेहरा थोडा थोडा खात होतो.

"गेरू, शंखजिरं, काजळ, ह्यांत काही नाही," बाई म्हणाल्या. "आणि सफेद्यात दोन जाती असतात. एक शिशाचा, एक जस्ताचा. दिसायला सारखे, पुडीवर नावही एकच. जस्ताचा आम्ही लहान मुलांच्या पुरळावर लावतो."

"मग दुकानात ओळखायचा कसा?" इंदूने विचारलं.

"विचारायचं. कशाचा सफेदा, म्हणून विचारायचं. त्याला सांगता आलं नाही तर घ्यायचा नाही."

*

भिकूमामा एका रविवारी भेटीच्या वेळी आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी. खाटेपासून हातभर लांब उभे राहिले.

"तुझ्या बायलेन माका खुनी ठरवल्यान," ते म्हणाले.

"मामा, तसं ती म्हणाली नाही."

"म्हणाक कित्याक होया? पेटी घेवन गेली. अरे, माझ्या बापाशीन जन्मभर ह्याच लावल्यान तोंडाक. तेका काय झाला?"

मला वाद घालायचा नव्हता. मी खरंच, सहज विचारलं, "काय झालं होतं त्यांना? कशाने गेले ते?"

मामा उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले. खाटेच्या लोखंडी दांडीला त्यांनी धरलं.

"पोटात कळ येय तेच्या," ते हळू म्हणाले. "गडाबडा लोळा. गावात म्हणीत, कोणीतरी करणी केल्यान. मगे हात पडले. माझी आये भरवी तेका."

मी चादरीखालून माझा लोंबता हात बाहेर काढला. त्यांना दाखवायचा म्हणून नव्हे, त्यांच्या हातावर ठेवायचा म्हणून. पण त्यांनी तो पाहिला. मग खाटेच्या कडेवर बसले आणि टोपी काढून तिच्यात तोंड लपवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. इंदू डबा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते. तिने मला खुणेने विचारलं, मी मान हलवली. तिने डब्याच्या झाकणात थोडी पेज ओतली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घ्या मामा. गरम आहे."

दुसऱ्या दिवशी तिनेच त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांच्याही हिरड्यांना ती रेघ होती. रंग कालवताना बोट जिभेला लावायची त्यांची सवय! वेळेत सापडलं, म्हणून त्यांचे हात वाचले.

*

मला घरी सोडलं तेव्हा मनगटाखाली एक लाकडी फळी बांधून दिली होती, पंजा सरळ राहावा म्हणून. रोज फळी सोडून व्यायाम. पालथा हात पाटावर ठेवायचा आणि उचलायचा. सुरुवातीला उचलायचा म्हणजे नुसता विचार करायचा. काही आठवडे काहीच झालं नाही. मी चिडायचो, फळी भिरकावून द्यायचो, आणि इंदू ती पुन्हा आणून ठेवायची. मग एका सकाळी पंजा थरथरला. वर आला नाही, नुसता थरथरला, पण इंदूने शेजारणींना हाका मारल्या आणि चाळीतल्या चार बायका माझा हात थरथरताना बघायला जमल्या.

त्याच काळात आमच्या खोलीचा कारखाना झाला. भिकूमामा रोज संध्याकाळी यायचे. लोहार चाळीपासून दादरपर्यंत हिंडून त्यांनी जस्ताचा सफेदा शोधला. किती दुकानदारांनी "सफेदा म्हणजे सफेदा" म्हणून त्यांना वाटेला लावलं, ते तावातावाने सांगायचे. मग प्रयोग. नुसता जस्ताचा लावला तर चेहरा भुतासारखा दिसायचा. शंखजिरं जास्त झालं तर घामाने भेगा पडायच्या. गेरूने गाल रंगले, पण शेंदराची धग त्यात नव्हती. तिळाच्या तेलाचे थेंब टाकून शेवटी एक बरं मिश्रण जमलं. प्रत्येक नवं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, हेही डॉक्टरबाईंनीच शिकवलेलं. ते कोपर बहुतेक वेळा इंदूचं असायचं. एकदा तिला लालभडक पुरळ उठलं. एकेक वस्तू वगळून पाहिली तर दोष रंगाचा नव्हता, मामांनी वासासाठी टाकलेल्या अत्तराचा होता!

इंदूला तर नादच लागला. तिच्या तोंडाला लावायच्या स्नोच्या डबीवर गोरी बाई होती, गुलाबाचं फूल होतं, आत काय आहे ते मात्र कुठेच नव्हतं. ती डबी घेऊन औषधाच्या दुकानात गेली आणि विचारलं. दुकानदाराला सांगता येईना. दुसऱ्या कंपनीच्या डबीवर बारीक अक्षरात दोन-तीन नावं होती, तिने ती डबी घेतली. शेजारीण म्हणाली, त्यापेक्षा घरचं उटणं बरं, त्यात कसलं आलंय विष? इंदूने तिला सांगितलं, "मामांचा दगड पण घरीच उगाळलेला होता." विलायती म्हणून वाईट नाही आणि घरचं म्हणून चांगलं नाही, हे आमच्या चाळीत पहिल्यांदा तिने म्हटलं. ऐकलं थोड्यांनी.

*

मी हॉस्पिटलात होतो तेव्हा पथकाचे प्रयोग थांबले नव्हते. चळवळ माझ्यासाठी थांबणार नव्हतीच. मुंबईचं काम सुमन कांबळे नावाच्या मुलीने घेतलं होतं. वरळीच्या चाळीत राहणारी, गिरणीत वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, कामाला. घरच्यांनी नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती आणि तिच्या वडिलांनीच तिला पथकात आणून सोडलं होतं. म्हणाले, "सभेत बायका बोलायला लागल्या, तर नाटकात बाप्ये कशाला लुगडी नेसतायत?"

हे ऐकून मला राग आला होता. मग मी बरा झालो, आणि पथकातले सगळे माझ्याकडे बघायचं टाळू लागले. आता मुंबई कोण करणार, हा विषय कुणालाच काढायचा नव्हता. शेवटी मीच तालमीला गेलो आणि सुमनला म्हणालो, "नथ डाव्या बाजूला जरा सैल ठेव, नाहीतर गाताना टोचेल."

ती म्हणाली, "दत्तूदादा, तुम्ही परत आलात तर मी सोडीन. खरंच."

"मी छापखान्यात परत चाललोय," मी म्हणालो. "हात धुऊन डबा खायचा, बोटं तोंडात घालायची नाहीत, ह्या अटीवर डॉक्टरबाईंनी सोडलंय. मुंबई तूच कर."

हात पूर्ण बरा व्हायला आणखी बरेच महिने गेले. आजही थंडीत मनगट जड वाटतं. पण मी ओळी जुळवतो, गुंड्या लावतो.

राज्य मिळालं त्या आनंदात पथकाने परळच्या एका मैदानात तो प्रयोग पुन्हा केला. पडद्यामागे भिकूमामांनी सुमनला रंगवलं. मी डोकावलो. पूर्वीची सोनेरी झळाळी नव्हती, जरा साधाच दिसत होता चेहरा. मामा मला म्हणाले, "चकाकना नाय रे." मी म्हणालो, "नाही चकाकत."

मग मी पुढे जाऊन सतरंजीवर इंदूशेजारी बसलो. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र बसून हे नाटक कधी बघितलंच नव्हतं. मी नेहमी पडद्याच्या पलीकडे. सुमन आली, शिट्ट्या झाल्या.

"वाईट वाटतंय?" इंदूने विचारलं.

"वाटतंय."

तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसती जरा जवळ सरकली.

मग ते चौघे मुंबईला न्यायला आले, आणि सुमनचं वाक्य आलं. "मला न्यायला सगळे आलात रे, पण माझ्या घरात पाणी किती वाजता येतं, ते कुणाला ठाऊक आहे का?" हे वाक्य मी कितीतरी मैदानांत म्हटलं होतं. कमरेवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, आवाज कापवून. लोक गंभीर व्हायचे. सुमनने तसलं काही केलं नाही. नळावर रांग मोडणाऱ्याला विचारावं तसं तिने फाडकन विचारलं.

आधी बायका हसल्या, मागच्या कोपऱ्यात. मग सगळं मैदान हसलं. इंदू तर पदर तोंडात कोंबून हसत होती. आणि मला कळलं की त्या वाक्यात हसू होतं, पहिल्यापासून होतं, मला ते कधी सापडलं नव्हतं. मीही हसायला लागलो, इतका की पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं.